टेपवरचे जुने बॅकअप क्लाउडला हलवायचेत? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

सर्व्हर रूममधल्या स्टीलच्या कपाटात एलटीओ टेपांचे (बॅकअपसाठीच्या मॅग्नेटिक टेपांचा एक प्रकार) डबे पडलेत, टेप ड्राइव्ह एकच आहे, तोही म्हातारा झालाय आणि साहेबांनी सांगितलंय की "हे सगळं आता क्लाउडला टाकून मोकळं कर", अशा अवस्थेत जो कोणी असेल त्याच्यासाठी हे लिहितोय. आमच्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या ऑफिसातल्या ६४ टेपा मी अशाच हलवल्या, एकूण चार महिने लागले, आणि त्यात प्रत्यक्ष अपलोडला जेमतेम तीन आठवडे गेले. बाकीचा वेळ कुठे गेला? टेपवर काय आहे ते शोधण्यात, ते नीट वाचून घेण्यात आणि परत आणून तपासण्यात. म्हणून पहिल्याच दिवशी क्लाउडचं खातं उघडून बसू नका. काम टेपपासून सुरू होतं.

ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे काय हे नवीन माणसासाठी दोन वाक्यांत. हा नेटवरचा हार्डडिस्क नव्हे, इथे बकेट नावाची एक मोठी जागा असते आणि त्यात प्रत्येक फाईल एक अख्खं ऑब्जेक्ट म्हणून राहते, तिला एक नाव असतं, मधलाच एखादा भाग बदलता येत नाही, बदलायचं तर पूर्ण फाईल परत टाकायची. ॲमेझॉनची एस-थ्री सर्व्हिस २००६ मध्ये आली, तशाच सर्व्हिस मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर आणि गूगल क्लाउडकडेही आहेत, आणि एकदा लिहून वर्षानुवर्षं न उघडायच्या बॅकअपला ही पद्धत एकदम फिट बसते.

पायरी १ : टेपांची यादी करा, लेबलवर विश्वास ठेवू नका

एक स्प्रेडशीट उघडा. टेपचा बारकोड, कुठल्या जनरेशनची, लेबलवर काय लिहिलंय, कुठल्या सॉफ्टवेअरने लिहिली, एन्क्रिप्टेड आहे का, आणि शेवटचा कॉलम "प्रत्यक्ष आत काय सापडलं". हा शेवटचा कॉलम टेप ड्राइव्हमध्ये घालून वाचल्याशिवाय भरायचा नाही. आमच्याकडे एका टेपवर पेनाने "मार्च २०१३ फुल" लिहिलेलं होतं आणि आत निघाला एका आठवड्याचा इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त त्या आठवड्यात बदललेल्या फाईली, खरा फुल बॅकअप दुसऱ्याच टेपवर होता जिच्यावर लेबलच नव्हतं. लेबल बघून टाकून दिली असती तर त्या वर्षाचे हिशेब कायमचे गेले असते. तेव्हापासून एकही टेप न वाचता बाजूला काढलेली नाही.

टेप हातात घेतल्यावर सगळ्यात आधी तिच्या कडेची छोटी सरकणारी खिट्टी लॉकवर करा. राइट प्रोटेक्ट म्हणतात ते. मग चुकून कुठल्या जॉबने त्या टेपवर लिहायचा प्रयत्न केला तरी ड्राइव्ह नकार देतो. प्रत्येक टेपला, अपवाद न करता.

आता आपल्या गोव्याचा खास प्रश्न, तो म्हणजे दमट हवा. टेप दीर्घकाळ ठेवायला साधारण १६ ते २५ डिग्री तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात, आणि आपल्याकडे मिरगाचा पाऊस सुरू झाला की कपाटातले बूटसुद्धा पांढरे होतात. टेपा एसी रूममध्येच राहिल्या असतील तर प्रश्न नाही, पण तळमजल्याच्या स्टोअररूममध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात असतील तर आणून लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्ह असलेल्या खोलीत २४ तास तशाच पडू द्या आणि मगच वाचा. एखाद्या कार्ट्रिजवर बुरशी दिसली तर ती वेगळी काढा, चांगल्या ड्राइव्हमध्ये अजिबात नको, कारण ड्राइव्हच्या टेप वाचणाऱ्या हेडला घाण लागली की पुढच्या चांगल्या टेपाही धोक्यात येतात. अशी टेप महत्त्वाची असेल तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यायची. शक्य असेल तर वाचायचं सगळं काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीतच आहे, आणि टेप वाचताना मध्येच लाईट गेली की तो सेट परत पहिल्यापासून.

पायरी २ : वाचणारा ड्राइव्ह कुठला?

इथे भरपूर लोक फसतात. "नवीन ड्राइव्ह जुन्या टेपा वाचतोच" असं समजून नवा घेतात. एलटीओ-७ पर्यंत नियम असा होता की ड्राइव्ह स्वतःच्या आणि मागच्या दोन जनरेशनच्या टेपा वाचतो. एलटीओ-८ पासून ते बदललं, तो फक्त एलटीओ-७ आणि एलटीओ-८ वाचतो, आणि एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ आणि ९. म्हणजे तुमच्याकडे एलटीओ-५ च्या टेपा असतील तर एलटीओ-५, ६ किंवा ७ चाच ड्राइव्ह लागणार, आणि एलटीओ-३ च्या असतील तर एलटीओ-५ च्या पुढे जाऊच नका. जुना ड्राइव्ह सेकंडहँड घ्यायची वेळ आली तर पैसे देण्याआधी आपली बिनमहत्त्वाची एक टेप घेऊन जा आणि समोर वाचून घ्या. ड्राइव्हबरोबर सर्व्हरमधलं एसएएस कार्ड (ज्याला ड्राइव्ह जोडतात ते) आणि केबलही जुळायला लागते, ते आधीच बघून ठेवा. क्लीनिंग कार्ट्रिज एक जवळ असू द्या, पण ड्राइव्ह स्वतः मागेल तेव्हाच वापरायची, रोज नाही.

ड्राइव्ह मिळाला, आता सॉफ्टवेअर. टेप एलटीएफएस नावाच्या फाईल सिस्टीममध्ये लिहिलेली असेल तर तुमचं नशीब चांगलं, एलटीओ-५ पासून ही सोय आली आणि अशी टेप पेनड्राइव्हसारखी माउंट होते. साध्या टारने (अनेक फाईली एकत्र बांधून एकच फाईल करणारी लिनक्सची कमांड) लिहिलेली असेल तरी सोपं, फक्त दोन गोष्टी. लिनक्सवर रिवाइंड न होणारं डिव्हाइस वापरा, म्हणजे एसटी नाही तर एनएसटी, नाहीतर प्रत्येक कमांडनंतर टेप पहिल्या जागेवर जाते आणि तुम्ही तोच पहिला सेट परत परत वाचत बसता. आणि वाचताना मेमरीचा एरर आला तर टेप खराब आहे असं लगेच ठरवू नका, बहुतेक वेळा लिहिताना ब्लॉक साइज मोठा दिलेला असतो, टारला तेवढाच मोठा आकडा द्या, वाचायला लागेल.

पण बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असेल तर ते सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स आणि त्याचा कॅटलॉग तिन्ही लागतात. कॅटलॉग म्हणजे कुठली फाईल कुठल्या टेपवर आहे त्याची वही. ती हरवली असली तर टेप पूर्ण वाचून परत तयार करता येते, बॅकुलामध्ये त्यासाठी बीस्कॅन नावाचं टूल आहे, बॅकअप एक्झेकमध्ये टेप इन्व्हेंटरी करून मग कॅटलॉग करायची सोय आहे. वेळखाऊ काम आहे पण होतं. एन्क्रिप्शनची की हरवली तर मात्र काहीच होत नाही, एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच २५६ बिटचं एईएस एन्क्रिप्शन असतं आणि त्याला मागचं दार नाही. म्हणून की कुठे आहे हे पहिल्या आठवड्यात शोधा, जुना ॲडमिन नोकरी सोडून गेला असेल तर त्याला आजच फोन करा.

पायरी ३ : सगळं न्यायचं नाही

आमच्या ६४ टेपांवर ३८ टीबी होतं, नेलं फक्त ११ टीबी. कारण दर आठवड्याचा फुल बॅकअप म्हणजे त्याच फाईलींच्या पन्नास कॉप्या. आम्ही दर वर्षाचा ३१ मार्च नंतरचा पहिला फुल ठेवला, अलीकडच्या वर्षांचे महिन्याचे फुल ठेवले, बाकी सोडले. पण हे आयटीवाल्याने एकट्याने ठरवायचं नाही! अकाउंट्स, एचआर आणि कंपनीचे सीए यांना बसवून लेखी घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं मागच्या ८ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात, जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, आणि कोर्टात काही चालू असेल तर ते संपेपर्यंत हात लावायचा नाही. खाण धंद्याच्या आसपास काम केलेल्या ऑफिसांनी तर जास्तच जपून, डिचोलीच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाकडे ट्रकांच्या ट्रिपांचा २०१२ च्या आधीचा डेटा अजून सांभाळून ठेवलाय, कारण खाणी बंद झाल्या तरी जुने हिशेब संपलेले नाहीत.

दुसरं, डेटा उघडणारं सॉफ्टवेअर. डेटाबेसचा डंप सापडला म्हणून खूश होऊ नका, तो कुठल्या व्हर्जनचा आहे ते लिहून ठेवा. एसक्यूएल सर्व्हर २००० चा बॅकअप २०१२ किंवा त्यापुढच्या व्हर्जनवर थेट रिस्टोअर होत नाही, मध्ये २००५ किंवा २००८ चा टप्पा घ्यावा लागतो. टेप हातात आहे आणि जुना सर्व्हर अजून चालू आहे तोवर असा डेटा पुढच्या व्हर्जनला आणा किंवा साध्या टेक्स्टमध्ये काढून ठेवा. दहा वर्षांनी हे करायला कोणाला जमणार नाही.

पायरी ४ : टेपवरून थेट क्लाउडला नाही, मध्ये डिस्क

गणित करून बघा. १०० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, प्रत्यक्षात १० धरा. एलटीओ-५ चा ड्राइव्ह सेकंदाला १४० एमबीने वाचतो. तुम्ही टेपवरून थेट नेटवर ढकलायला गेलात तर ड्राइव्हला सारखं थांबावं लागतं, थांबला की टेप थोडी मागे जाते, परत पुढे येते, परत थांबते, आणि या पुढेमागे करण्याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. जुन्या टेपेला हे सोसत नाही. म्हणून चारपाच टेपा मावतील एवढी डिस्क मध्ये ठेवा, एखादा नॅस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) असला तरी चालेल, फक्त रेड असू द्या, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. १.५ टीबीची एक पूर्ण भरलेली टेप पूर्ण वेगाने तीन तासात डिस्कवर उतरते, लिहिताना कॉम्प्रेशन चालू असलं तर आत १.५ टीबीपेक्षा जास्तही निघू शकतं, तेवढी जागा हिशेबात धरा. टेप एकदाच वाचायची, पूर्ण वाचायची आणि परत कपाटात ठेवायची, हे धोरण.

पायरी ५ : पॅकिंग

लाखो छोट्या फाईली तशाच चढवू नका. ॲमेझॉनच्या डीप आर्काइव्हसारख्या ग्लेशियर क्लासमध्ये (क्वचित उघडायच्या डेटासाठीचं स्वस्त स्टोरेज) प्रत्येक ऑब्जेक्टमागे ४० केबी जास्तीचे मोजले जातात, शिवाय प्रत्येक अपलोड रिक्वेस्टचे पैसे वेगळे, म्हणजे २ केबीच्या फाईलीला भाडं भलतंच पडतं. आम्ही विभाग आणि वर्ष धरून १० ते २० जीबीचे टार केले. यापेक्षा खूप मोठे केले तर पुढे एक फाईल हवी असताना अख्खा डोंगर परत आणावा लागतो.

क्रम लक्षात ठेवा: आधी टार, मग झेडस्टँडर्डने कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट, मग एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा. एन्क्रिप्ट केलेली फाईल नंतर कॉम्प्रेस होत नाही. प्रत्येक टारबरोबर आतल्या फाईलींची यादी एका वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्ये काढा, ती यादी रोजच्या स्टँडर्ड क्लासमध्ये ठेवा आणि एक कॉपी ऑफिसच्या सर्व्हरवर. तुमचा नवा कॅटलॉग म्हणजे हीच यादी. नावं अशी द्या की पाच वर्षांनी नवीन मुलगा आला तरी कळेल, विभाग, वर्ष, टेपचा बारकोड, एवढं नावातच.

एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर छापून दोन बंद पाकिटांत घाला, एक ऑफिसच्या तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. ज्या लॅपटॉपवर बसून काम करता फक्त त्याच्यावर ठेवलात तर लॅपटॉपबरोबर ११ टीबी गेलं समजा.

पायरी ६ : खातं आणि बकेट

खातं कंपनीच्या कॉमन ईमेलवर उघडा, स्वतःच्या जीमेलवर कधीच नाही. मुख्य लॉगिनला टू-फॅक्टर लावा आणि ते लॉगिन रोज वापरू नका. अपलोडसाठी वेगळा युजर बनवा ज्याला फक्त टाकता येतं, पुसता येत नाही, म्हणजे ऑफिसात रॅन्समवेअर घुसला तरी क्लाउडवरच्या कॉप्या त्याला उडवता येणार नाहीत. पैसे कोणाच्या कार्डावरून जातात आणि ते कार्ड कधी संपतं हे अकाउंट्सच्या कॅलेंडरवर पाहिजे. ॲमेझॉनचं खातं बंद झालं तर ९० दिवसांनंतर आतलं परत मिळत नाही. बिलाचा अलर्टही आजच लावा.

रीजन, म्हणजे डेटा सेंटरचं ठिकाण, भारतातलाच निवडा. ॲमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून, अझ्यूरचे पुणे आणि चेन्नईला, गूगलचे मुंबई आणि दिल्लीला. २०१४ च्या कंपनी अकाउंट्स नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर लागतो, आणि २०२२ पासून तो रोजच्या रोज. हे जुनं आर्काइव्ह म्हणजे तो रोजचा बॅकअप नव्हे, तो वेगळा चालूच ठेवायचा.

बकेटवर व्हर्जनिंग (फाईलीच्या जुन्या आवृत्त्याही राहतात) आणि ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीत पुसता येत नाही) चालू करा. लॉकचे दोन प्रकार आहेत, गव्हर्नन्समध्ये खास परवानगीवाला माणूस लॉक काढू शकतो, कम्प्लायन्समध्ये मुदत संपेपर्यंत कोणीच नाही, मुख्य लॉगिनसुद्धा नाही. चुकून १० ऐवजी १०० वर्षं टाकलीत तर भाडं भरत राहा. म्हणून पहिले गव्हर्नन्स, तेही एका टेस्ट बकेटवर एक दिवसाची मुदत देऊन बघा आणि मगच खऱ्या बकेटला हात लावा.

पायरी ७ : कुठला क्लास आणि खर्च कसा मोजायचा

ॲमेझॉनमध्ये डीप आर्काइव्ह सगळ्यात स्वस्त, अमेरिकेच्या पूर्व रीजनला महिन्याला जीबीमागे ०.०००९९ डॉलर, म्हणजे टीबीला साधारण एक डॉलर. मुंबईचा भाव वेगळा असतो तो त्यांच्या प्राइसिंग पेजवर बघा आणि वर १८ टक्के जीएसटी धरा. हा आकडा ऐकून साहेब लगेच हो म्हणतात, पण त्यांना दुसरा आकडाही त्याच मीटिंगमध्ये सांगा: तिथूनच डेटा इंटरनेटवर बाहेर काढायचा तर जीबीमागे ०.०९ डॉलर, म्हणजे सात वर्षांहून जास्त भाडं एका डाउनलोडमध्ये. परत आणायचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहून ठेवा, मग गरज पडेल त्या दिवशी सही मागत फिरायला लागणार नाही.

शिवाय किमान मुदत असते. डीप आर्काइव्हला १८० दिवस, अझ्यूरच्या आर्काइव्हलाही १८०, गूगलच्या आर्काइव्हला ३६५, त्याआधी पुसलं तरी पूर्ण मुदतीचे पैसे लागतात. आणि डेटा लगेच हातात येत नाही, डीप आर्काइव्हमध्ये साध्या रिक्वेस्टला १२ तासांपर्यंत, स्वस्तातल्या बल्कला ४८ तासांपर्यंत, अझ्यूरला १५ तासांपर्यंत. गूगलचा लगेच मिळतो पण काढण्याचे पैसे घेतो. ऑडिटर समोर बसलेला असताना फाईल मागेल अशी मागच्या दोन वर्षांची माहिती डीप आर्काइव्हमध्ये नको. ती वरच्या क्लासमध्ये राहू दे.

पायरी ८ : अपलोड

आरक्लोन नावाचं फाईली चढवायचं टूल वापरा, फुकट आहे आणि सगळ्या क्लाउडना चालतं. त्यात वेळेप्रमाणे स्पीड बांधता येतो, आम्ही सकाळी आठ ते रात्री आठ सेकंदाला २ एमबी आणि रात्री मोकळं असं ठेवलं होतं, त्यामुळे ऑफिसात कोणाची तक्रार आली नाही आणि दिवसाला अर्धा टीबी जात होतं. चवथीच्या सुट्टीत ऑफिस बंद, पूर्ण लाईन आपली, तेव्हा सगळ्यात जास्त गेलं. रस्ता खणताना फायबर तुटतोच, तेव्हा अपलोड अडकलं की घाबरू नका, कमांड परत चालवली की चढलेल्या फाईली सोडून तो पुढच्या घेतो.

मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी जाते आणि जास्तीत जास्त १०,००० तुकडे चालतात. फाईल आधी डिस्कवर पूर्ण बनवून मग चढवली तर आरक्लोन साइज बघून तुकडे मोठे करतो, पण डिस्कवर न बनवता दुसऱ्या कमांडच्या पाइपमधून सरळ ढकलली तर ५ एमबीच्या तुकड्यांनी ४८ जीबीच्या आसपास जाऊन थांबतो. अर्धवट राहिलेले तुकडे बकेटमध्ये दिसत नाहीत पण त्यांचे पैसे लागतात, म्हणून सात दिवसांनी ते पुसायचा लाइफसायकल नियम पहिल्या दिवशीच लावा. आणि ईटॅग (ॲमेझॉन प्रत्येक ऑब्जेक्टला देतो तो कोड) म्हणजे फाईलचा एमडी-५ चेकसम असं समजून जुळवत बसू नका, तुकड्यांनी गेलेल्या फाईलीचा ईटॅग वेगळाच असतो. स्वतः काढलेला एसएचए-२५६ हाच खरा.

पायरी ९ : परत आणून उघडून बघा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. अपलोड झालं, हिरवी टिक आली, म्हणजे बॅकअप झाला असं नाही. दर वर्षाचा किमान एक टार रिस्टोअर रिक्वेस्ट टाकून परत आणा, तोही दुसऱ्या मशीनवर, पाकिटातला पासवर्ड वापरून, आणि शक्यतो ज्याने अपलोड केलं नाही अशा माणसाकडून. चेकसम जुळवा, डिक्रिप्ट करा, आणि मग अकाउंट्समधल्या माणसाला बोलवून म्हणा, यातलं २०१४ चं अमुक व्हाउचर काढून दाखव. आमच्याकडे पहिल्याच वेळी एक टार डिक्रिप्टच होईना, कारण छापलेल्या पासवर्डमध्ये मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसत होते. लगेच दुसऱ्या फॉन्टमध्ये छापून दोन्ही पाकिटं बदलली. हे त्या दिवशी कळलं म्हणून बरं. किती तास लागले, किती बिल आलं, तेही लिहून ठेवा, पुढच्या माणसाला तोच कागद उपयोगी पडतो.

पायरी १० : टेपांचं काय करायचं

घाई नको. रिस्टोअर टेस्ट पास झाल्यावरही आम्ही टेपा सहा महिने ठेवल्या. नंतर ज्या टाकायच्या त्यांची लेखी परवानगी घेतली आणि डीगॉस करून घेतल्या, म्हणजे जोरदार चुंबकाने पुसून घेतल्या, डीगॉस केलेली एलटीओ टेप परत वापरता येत नाही कारण तिच्यावरचे सर्व्होचे ट्रॅकही (हेडला जागा दाखवणाऱ्या कारखान्यातल्या खुणा) पुसले जातात, त्यामुळे "पुसून परत वापरू" हा विचार सोडा. मग नोंदणी असलेल्या ई-वेस्टवाल्याला देऊन नष्ट केल्याचं सर्टिफिकेट घ्या, बारकोडच्या यादीसकट. भंगारवाल्याला तशाच देऊ नका, त्यात तुमच्या कामगारांचे पगार आणि बँक नंबर आहेत.

मार्चअखेरीच्या १२ टेपा आणि तो ड्राइव्ह आमच्या कपाटात अजून आहेत, सिलिका जेलच्या पिशव्यांसकट. दुसरी रिस्टोअर टेस्ट जानेवारीत ठरलीय, ती झाली की बघू.